एरर सातचं पान

६ जून
ग्रुपवर आज एकशे बारा मेसेज. कामाचे चार. बाकी गुड मॉर्निंग, कोणाच्या भाच्याचं बारसं, आणि एकाने टाकलेला सापाचा व्हिडिओ. सोलर पंपाचे मिस्त्री आहेत की वरातीतले पाहुणे, कळत नाही. चार मेसेज वहीत, म्हणजे सगळ्यांसाठी ठेवलेल्या ऑनलाइन फाइलीत, नेऊन बसवले.
करडी गावच्या रवीने नव्या मेंबरला झापलं, ते वाचून बरं वाटलं: "आधी वही पाय, मंग ग्रुपवर इचार. ताईनं समदं त्या फाइलीत लिहून ठेवलं हाये. ताईची वही म्हंजे पक्कं काम."

९ जून
संपतजींची व्हॉइस नोट. आठ मिनिटं चाळीस सेकंद! गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसनातला माणूस, बाप-आजा नदीत मासे धरणारे, हा पंप उघडतो. हात सोन्याचा, पण जीभ आवरत नाही. आधी रामराम, मग धरणाचं पाणी कुठवर चढलं, मग नातीचं जमता जमता मोडलेलं लग्न. दोन मिनिटं ऐकून अंगठा टाकला. बाकीचं सवडीने. चिठ्ठी करून भिंतीला चिकटवली, "संपतजी – बाकी".

१४ जून
मी शिकवते त्या आयटीआयला सुट्टी, म्हणून दिवसभर वहीची साफसफाई. एकच गोष्ट तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलेली. दोन उडवल्या. मेलेल्या लिंका काढल्या.
पंपाच्या कंट्रोलर डब्यावर एरर सात आला तर काय करायचं, ते पान मात्र चोख. "स्विच बंद करा. दोन मिनिटं थांबा. लाल दिवा विझला की झाकण उघडा, सेन्सरची तार काढून पुन्हा लावा." माझ्याच हातचं. तीन वर्षांत एक तक्रार नाही. सगळ्या पानांवर "तपासलं, १४ जून" टाकत गेले, यावरही टाकलं. तपासलं म्हणजे वाचलं.
नवरा, सुधीर, म्हणाला, पगार कोण देतो याचा? कोणी नाही. पण दुपारी साडेतीनला सगळी वही एका रंगात दिसली तेव्हा जे वाटलं ते प्लांटच्या शिफ्टमध्ये त्याला कधी वाटलं असेल का, शंका आहे.

२ जुलै
रवीला करंट लागला.
करडीच्या बाजूला एका शेतात. पावसाने दडी मारलेली, धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडायला लागलेले, शेतकरी डोक्याशी उभा. नव्या कंपनीचा डबा, एरर सात. झाकण उघडून तार धरली आणि फेकला गेला. उजवा हात. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहे.
कोणीतरी हाताचा फोटो ग्रुपवर टाकला. मी तो ग्रुपवरून काढून टाकला. त्याआधी पाहिला.

३ जुलै
दवाखान्यात गेले. रवीची बायको वंदना बाहेर बाकावर, जेवणाचा डबा मांडीवर तसाच. रवी शुद्धीत. म्हणाला, "ताई, दिवा विझला होता. दोन मिनिटं मोजलो ना मी. तरी कसा लागला?"
आराम कर म्हटलं.
घरी आले तर भिंतीवर चिठ्ठी. संपतजी – बाकी.
ऐकली. पाचव्या मिनिटाला, नातीच्या लग्नाच्या मधातच: "आन् हो ताई, हे नवीन डबे येऊन राहिले ना, त्याइचा दिवा लगेच विझते, पन करंट अंदरच राह्यते. मी पेचकस लावलो त हे एवढी चिणगी उडाली. पंधरा मिनिटं थांबा लागते. वहीत बदलून टाका, नाही त कोनी मरन."
पुढे पुन्हा नात.
याखाली माझा अंगठा. तारीख ९ जून. म्हणजे संपतजी निश्चिंत, की ताईने ऐकलं.

४ जुलै
पान बदललं. दोनाचे पंधरा केले. मीटर लावून पाहिल्याशिवाय हात घालू नये, हेही लिहिलं. तीन वर्षांत हे वाक्य तिथे का नव्हतं? कारण आयटीआयच्या पोरांना मी पहिल्याच तासाला ते घोकवते, आणि मिस्त्र्यांना काय सांगायचं असं धरून चालले.
ग्रुपवर टाकलं: "एरर सातचं पान अद्ययावत केलं आहे, सर्वांनी पाहावे."
अद्ययावत! काय शब्द सापडला मला.

७ जुलै
रवीची दोन बोटं काढली.
पंप बसवणाऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसाने लेखी दिलं की मिस्त्रीने मीटर न लावता हात घातला, त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा. मिस्त्र्यांच्या यादीतून नाव कापलं. मीटर लावायला हवा होता, हे खरं. पण तो ज्या पानावर विसंबला ते चूक होतं, आणि वर माझं "तपासलं".
वंदना त्याच्यासमोरच म्हणाली, "हजारदा सांगतलं, घाई नोका करू. आयकते का हा मानूस कोनाचं?" रवी भिंतीकडे पाहत राहिला. मी तिथेच उभी होते, हातात केळी घेऊन.

१० जुलै
संपतजींचा ग्रुपवर मेसेज. पहिल्यांदाच टाइप केलेला. पान ४ जुलैला बदललं, त्यावरून ओळखलं असणार. "रवीच्या बाबतीत चूक माझी हाये. मी ताईले बराबर सांगतलं नाही. लई लांबन लावतो मी. माफी."
फोन केला. म्हटलं, तुम्ही कशाला माफी मागता?
"राहू द्या ना ताई. तुमचं नाव खराब झालं त वहीवर भरोसा कोन ठेवन? मले काय होते, म्हातारा मानूस."
मी नको म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही. उलट मला सुटल्यासारखं वाटलं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहायची हिंमत नाही.

१५ जुलै
पाऊस आला एकदाचा. सुधीरला सगळं सांगितलं. त्याने हेल्मेटचा पट्टा खालीवर केला. मग म्हणाला, "तुझी नोकरी कंत्राटी. पुढच्या महिन्यात सही व्हायची हाये. तू बोलली म्हणून त्याची बोटं वापस येऊन राहिली का?" वाईट माणूस नाही तो. घर चालवायचं असतं.
संपतजी आता व्हॉइस नोट पाठवत नाहीत. दोन दिवसांनी एक ओळ. आज लिहिलं, "नवीन केबल खराब." कोणती केबल, कुठे, काय झालं? काही नाही. विचारलं तर "तेच, खराब." आठ मिनिटांत माणूस नदीपासून नातीपर्यंत सगळं सांगायचा, आणि त्यातच कामाचंही सांगायचा. मी त्याला गप्प केलं.

२१ जुलै
मोहाडीला एका दुकानात गेले, काउंटरच्या वर भिंतीवर एरर सातचं पान. प्रिंट काढून, लॅमिनेशन करून, चार खिळे ठोकून. दोन मिनिटं. तपासलं, १४ जून.
म्हटलं हे काढा, हे चूक आहे. दुकानदार हसला. "चूक कसं? तुमचंच त हाये ताई. समद्याइले याचा फोटो काढून देतो मी."
खिळे त्याच्याच पकडीने उपटले. पण असे किती दुकानांत? किती जणांच्या फोनमध्ये? मी फाइल बदलली आणि गुपचूप बसले. काय चूक होतं आणि त्याने काय झालं हे सांगितलंच नाही, तर जुना कागद कोण फेकेल? सगळ्यांना वाटतंय, ताईने कुठे तरी काना-मात्रा सुधारला असेल.

२३ जुलै
पानाच्या डोक्यावर आणि ग्रुपवर, दोन्हीकडे लिहिलं:
"या पानावर दोन मिनिटं लिहिलं होतं, ते नव्या डब्यांसाठी चूक होतं. संपतजींनी ९ जूनला नीट सांगितलं होतं. मी पूर्ण न ऐकता अंगठा टाकला आणि १४ जूनला न तपासता 'तपासलं' लिहिलं. रवी वहीप्रमाणे वागला. जुने प्रिंट, जुने फोटो फाडा, पुसा."
पाठवायच्या आधी चहा केला आणि न पिता ओतून दिला.
एक जण म्हणाला, ताई मनाला लावून घेऊ नका. एक म्हणाला, मग बाकीच्या पानांचं काय? तेही तपासलं म्हणजे असंच का? त्याला उत्तर दिलं: हो, असंच. संपतजींचा फोन, "कायले केलं ताई?" आणि ठेवला.
रवीला काही माहीत नाही. अपघातापासून तो ग्रुपवर येत नाही.

२५ जुलै
हेच सगळं कागदावर, सहीनिशी, ठेकेदाराच्या ऑफिसात दिलं. रवीकडे जायच्या आधी तिथे गेले, कारण तिथे सोपं होतं. साहेबाने वाचलं, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी आयटीआयले हाये ना?" मग म्हणाला, ठेवून जा. पोच मागितली तर शिक्का सापडत नव्हता.

२७ जुलै
करडी.
रवी ओसरीत, हाताला अजून पट्टी. सांगितलं. त्याने संपतजींची व्हॉइस नोट मागितली. फोन डाव्या हातात धरून सगळी ऐकली, शेवटपर्यंत, कुठे पुढे ढकलली नाही.
"म्हंजे मी मोजण्यात चुकलो नाही?"
नाही.
"मी पडल्या पडल्या मोजतच राह्यतो ताई. एकशेवीस पावतर. दरखेपी वाट्टे, तवा मधातले धा सुटले असतीन." आता शिव्या देईल म्हणून मी थांबले. त्याने फोन परत दिला. "वंदनाले सांगा. मी सांगतलं त तिले पटत नाही."
ती धानाच्या रोवणीला गेलेली. पाराबरून, म्हणजे बांधाबांधाने, चप्पल हातात घेऊन तिथवर गेले. ती बांधीतून, पाणी भरलेल्या त्या वाफ्यातून, वर आली, चिखलाचे हात अंगापासून दूर धरून. इतर बाया वाकलेल्याच होत्या, पण रोवणं थांबलं होतं. सांगितलं सगळं. तिने ऐकून घेतलं.
"तुमाले कवा समजलं?"
तीन तारखेला.
तिने मनात हिशेब केला असावा.
"चोवीस दिवस," ती म्हणाली. "चोवीस दिवस मी त्या मानसाले आपल्या हातानं घास भरवून राहिलो, आन् एकेका घासाले बोल्लो. तो एक शब्द नाही बोल्ला मले."
सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर तिने मान हलवली.
"उद्या मी येतो. मले त्या सायबापाशी घेऊन चाला. जे इथं सांगतलं, थेच तिथं सांगा. समद्याइच्या समोर, मोठ्यानं."
हो म्हटलं.
ती परत बांधीत उतरली. उद्याची मजुरी बुडवून येणार आहे. सकाळी नऊला, भंडाऱ्याच्या स्टँडवर.
सुधीरला अजून सांगितलेलं नाही.