भोंग्यातला खोकला

मोरबी, ४ डिसेंबर

ती. बाबास,
राजदीपचा सप्रेम जयभीम.

वि. वि., बिडीचा मुद्दा मी अजून सोडला नाही. परवा फोनवर बिडीचं नाव काढलं तं तुमी रेंज गेली म्हणून फोन कापला. कागदाले रेंज लागत नाही, म्हणून लिहून राह्यलो. बिडी सोडली म्हणता, मंग हा खोकला कुठून आणला? आई म्हणते तुमी बरगड्या धरून खोकता.

कारखान्यासमोरच्या मेडिकलवाल्याले तुमच्या बीपीच्या गोळीचं नाव सांगितलं, इनालाप्रिल. तो हसला. म्हणे, ही गोळी काही लोकायले कोरडा खोकला लावते. बिडीचा आळ मी मागे घेतो, पण अर्धाच. मी इचारलं, रामीप्रिल घेतली तं? तो म्हणे, रामीप्रिल असो का लिसिनोप्रिल, सारे प्रिलवाले सख्खे भाऊ. बीपी उतरवतात सारखंच, खोकलाही बहुतेक तसाच देतात. आपल्या वावराच्या धुऱ्यापलीकडचे देवसिंगकाका घेतात ते टेल्मीसार्टन दुसऱ्या घराण्याचं, त्यानं असा खोकला क्वचितच येते. पण मनानं गोळी बंद करू नका, काकाची मागून तं खाऊच नका. डॉक्टरले खोकल्याचं सांगितलं का नाही, तेवढं कळवा.

तुमचा,
राजदीप


ता. मारेगाव, १३ डिसेंबर

चि. राजदीपास,
बाबाचा जयभीम आन् आशीर्वाद.

बाबा बोलून राह्यले, मी शीला लिहून राह्यली. बाबा म्हणतात गोळी एक नंबर आहे, बीपी एकशे तीसवर आलं. तू टाइल्स बनव, डॉक्टरकी करू नको.

आता बाबा चहाले उठले, म्हणून माझं लिहिते. दादा, खोकला आहे का म्हणून डॉक्टरनं इचारलं, तं बाबा साफ नाही म्हणाले आन् खोकला दबावा म्हणून गालात गुळाचा खडा धरून बसले. काहून, तं रानडुकरं. बाबा राखणीले मचाणावर बसून रातभर खोकतात, म्हणून डुकरं आपल्या हरभऱ्यात पायच ठेवत नाहीत. देवसिंगकाका त्यायची गोळी घेऊन गाढ झोपतात. त्यायचा अर्धा हरभरा डुकरायनं खणला. तं काका दवाखान्यात जाऊन अडून बसले, मले धर्मपालची, म्हंजे आपल्या बाबाची, खोकल्याची गोळी द्या म्हणे. डॉक्टरले थट्टा वाटली, त्यायनं काकाले वापस धाडलं.

हसू नको. परवा बाबा खोकता खोकता मचाणावरून घसरले, कोपर सोललं. आई म्हणते हरभरा वाचंल, पण माणूस नाही वाचणार. तेवीस तारखेले पुन्हा तपासणी आहे. हे मी लिहिलं म्हणून सांगू नको.

तुझी,
शीला


मोरबी, १८ डिसेंबर

ती. बाबास,
राजदीपचा सप्रेम जयभीम.

वि. वि., मचाणावरून कोण पडलं ते मले कोणीच सांगितलं नाही, सपनात दिसलं. शीलाले बोलू नका.

हरभरा तुमाले प्यारा आहे, कबूल. पण डुकरं काही तुमचं तोंड पाहून पळत नाहीत, आवाज आयकून पळतात. तं तपासणीच्या आधी शीलाच्या मोबाइलात पोटभर खोकून घ्या. मारेगावातून बॅटरीवरचा भोंगा आणा, मेमरी कार्डात तो खोकला भरा आन् मचाणावर लटकवा. बरगड्या तुमच्या, खोकला भोंग्याचा. मंग गूळ न खाता डॉक्टरले खरं सांगा. त्यायनं गोळी बदलून दिली तं डुकरायले कोण सांगाले जाते? देवसिंगकाकालेही खोकल्याची कॉपी द्या, फुकट नको, एक कोंबडी घ्या.

आईले झोप घ्याले सांगा. लोभ तं आहेच, बाबा, खोकला तेवढा कमी करा.

भोंग्याचे चौदाशे आन् दवाखान्याच्या ऑटोचे शंभर, असे पंधराशे रुपये पाठवून राह्यलो.

तुमचा,
राजदीप