रेडिओ मोकळा होता

प्रिय चिमणे,

समोर बसून बोलायला गेलो तर तू हसशील आणि मी विषय बदलेन. म्हणून लिहितो.

विमानतळाच्या टॉवरमध्ये रेडिओवर बसून मला बावीस वर्षं झाली. तू विमान चालवायला शिकणार म्हणालीस तेव्हा वाटलं, रेडिओवर बोलणं तरी पोर माझ्याकडून शिकेल. पण घरात उठता-बसता तुला विमान शिकवणाऱ्या सरांचं 'सर म्हणतात' सुरू झालं. इंजिन बंद पडलं तर संकटाची हाक कशी द्यायची, हे तू जेवताना आईला म्हणून दाखवलंस. मी एक चूक काढली, तर म्हणालीस, "बाबा, तुमची पद्धत जुनी झाली." आई हसली. मीही हसलो, पण आतून जळून कोळसा झालो. पन्नाशीला टेकलेला बाप तिशीतल्या मास्तराचा हेवा करतो, सांगायचं कुणाला?

एकटीनं उडण्याआधी ही हाक सरावात एकदा द्यावीच लागते, आणि तीही टॉवरची परवानगी घेऊन. मध्येच कुणावर खरं संकट आलं तर रेडिओ अडलेला नको. तू तीन सकाळी परवानगी मागितलीस. तिन्ही वेळा मी म्हणालो, "थांबा, दुसरी विमानं येताहेत." तुझी मैत्रीण दुसऱ्याच्या पाळीत हाक देऊन मोकळी झाली, एकटी उडूनही आली. तू राहिलीस.

एकदा सर जिना चढून वर आले. "काका, सकाळी फार गर्दी असते का हो?" मी म्हणालो, "असते." त्यांनी खिडकीतून आकाशाकडे एकदा पाहिलं आणि खाली गेले. तुला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नाही, हे काल कळलं. काल तू रडत म्हणालीस, "सरच मला मुद्दाम गर्दीच्या वेळी पाठवतात, मागे ठेवतात. सोडते मी शिकणं." आणि पोरी, खरं सांगतो, मला घास गोड लागला.

आज पहाटे देवापुढे हात जोडले, तर काही मागायची लाज वाटली.

त्या तिन्ही सकाळी आकाशात तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. हे मी टॉवरच्या साहेबांना लिहून दिलंय. होईल ती शिक्षा होवो. सरांचे पायही धरायला गेलो, त्यांनी धरू दिले नाहीत. उद्या माझ्या खुर्चीवर दुसरा माणूस असेल. रुसून घरी बसू नकोस. जा, आणि परवानगी माग. माझ्याशी बोलायचं की नाही, ते उतरल्यावर ठरव.

तुझाच, आणि तुझ्याच आड आलेला,
बाबा