पंप आडनावाचे दोन अर्ज

प्रिय बारक्या,

तुझं पाकीट येऊन तीन आठवडे झाले आणि तेवढ्यात तू दोनदा फोन केलास, ताई, सही झाली का म्हणून. दोन्ही वेळा मी चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून दिवसभर लोकांच्या काचा घासणाऱ्या बाईला स्वतःचा चष्मा सापडत नाही, यावर तू विश्वास ठेवलास, म्हणजे तू फारच घाईत असणार. हे माझं चौथं पत्र. आधीची तीन फाडली. दोन ओळी लिहिते, उठते, नळ नीट बंद केलाय का बघून येते, परत बसते. नळ बंदच असतो.

तर तुझा आडनाव बदलण्याचा अर्ज. लेक शाळेत जायच्या आत ‘पंप’ जायला हवं, आणि त्यासाठी बाबांची आणि माझी संमती हवी. बाबांनी पाकीट आलं त्याच दिवशी सही केली. पंपावर पाळीच्या वहीत करायचे तशी, खाली तारीख आणि वेळही टाकून. शेजारची माझी जागा तेवढी मोकळी राहिली.

तू चुकतोयस असं मी म्हणत नाही. हजेरी घेताना बाई आपल्या नावापाशी आल्या की जरा थांबायच्या, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हवा भरल्याचा आवाज काढायचं. तू रडत बाहेर यायचास. आणि मी, तुझी सख्खी बहीण, मैत्रिणींबरोबर असले की तुला ओळख दाखवत नसे. तुला ते तेव्हा कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. लाज वाटते त्याची.

आणि आडनाव तरी खरं कुठलं आपलं? पणजोबा पाणीपुरवठ्याच्या कामावर मीटरचे आकडे लिहायचे. कागदपत्रं करायला कारकून आला, तेव्हा ज्याला आडनाव नाही त्याला तो ज्या जागी काम करतो तिचं नाव द्यायचं, असा हुकूम होता. आपले पणजोबा नेमके त्या वेळी थंडी वाजते म्हणून पंपाच्या उबेला चहा पीत बसलेले. कारकुनाने विचारलं नाही, बसल्या जागेचं नाव लिहून मोकळा झाला. इथवर हसू येतं. पण पुढे आजोबा नोकरी मागायला गेले, साहेबांनी कागद पाहिला आणि त्यांना पंपावर लावलं. बाबांचंही तेच. बाबांचं गणित केवढं चांगलं, आकड्यांच्या कामात त्यांनी नाव काढलं असतं. साहेब म्हणाले, पंपाचा मुलगा पंपावरच शोभतो. एका कपभर चहापायी पंपाच्या घरघरीत दोघांचे कान गेले. तू म्हणतोस हे आडनाव नाही, चूक आहे. मला ते पटतं.

मी तर तुझ्या कितीतरी आधी सुटले. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा बघायच्या आधी मी त्याचं आडनाव बघितलं. साधंसुधं, कुणी वळून बघणार नाही असं. आत्या म्हणत होती, नीट चौकशी करा, एवढी कसली घाई. घाई मलाच होती. लग्नाच्या नोंदणीत नवी सही अशी दाबून केली की कागद फाटला. सोळा वर्षं ती सही केली. तुझ्या मेहुण्यांचं या सोळा वर्षांत एक ठरलेलं वाक्य होतं. भाजी करपली, किल्ली हरवली, काही झालं की, “शेवटी पंपाचीच ना तू.” पहिल्यांदा मीही हसले. आपल्याला हसून घ्यायची सवय होतीच. मग ते चारचौघांत म्हणायला लागले. मग दार लावून. आणि दार लावल्यावर ते नुसतं म्हणण्यावर थांबेना. याहून जास्त माझ्याने लिहवत नाही.

आता तुझ्या ध्यानात आलं असेल. मी हे बाबांच्या घरी, तुझ्या खाटेवर बसून लिहितेय आणि माझी बॅग खाटेखाली आहे. तुझं पाकीट आलं त्याच्या आदल्या दिवशी मी आले. बाबांनी दार उघडलं, काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी माझं उत्तर त्यांना ऐकू गेलं नसतं. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला. पंपाचं बेअरिंग बिघडलंय का हे ते असंच हात लावून ओळखायचे, तुला आठवत असेल. बराच वेळ हात तसाच ठेवून म्हणाले, “फार तापलीयस. थांब इथंच.” मी तिथंच दारात रडले. तेव्हापासून इथे आहे. दुकानात जाते, येते, घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरते. पायरीवर पाऊल वाजलं की दचकते, आणि बाबा मात्र शांतपणे पेपर वाचत असतात.

तुला फोनवर सांगता आलं नाही, कारण जे मागायचं आहे ते तुझ्या मागण्याच्या नेमकं उलट आहे. मला माझं जुनं आडनाव परत लावायचंय. सोमवारी कचेरीत गेले. त्याच आडनावाचा, रक्ताच्या नात्यातला साक्षीदार लागतो, आणि त्याने समोर उभं राहून तोंडी उत्तरं द्यायची असतात. बाबांना घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी तीनदा विचारलं, ही तुमची कोण. बाबांनी तीनही वेळा नम्रपणे चहा नको म्हणून सांगितलं. बाईंनी कागद परत केला. मी भांडले, अख्खी रांग बघत होती, उपयोग झाला नाही. आत्याचं आडनाव लग्नात बदललेलं. म्हणजे राहिलास तू एकटा, आणि तुझा अर्ज मंजूर झाला की तूही नाहीस. तुझ्या अर्जावर मी आज सकाळी सही केली. तो पुरा होऊन याच पाकिटात आहे, उद्या दिलास तर कुणी अडवणार नाही. राग येईल मला, पण तो मी गिळीन. त्याच्या खाली माझा अर्ज आहे. गुरुवारी अकरा वाजता खिडकीपाशी माझं नाव पुकारतील आणि ही कोण म्हणून विचारतील. मला तिथे एकटीने उभं राहायची भीती वाटते, बारक्या. दोन्ही कागद आता तुझ्याकडे आहेत. कुठला आधी द्यायचा, ते तू ठरव.

कागदावर काहीही लिहिलेलं असो, तुझीच
ताई