कविताची चुकलेली एसटी

गुरुवार, संध्याकाळी साडेसात

शाळा सुटल्यावर मी घेते ते विज्ञान मंडळ आज साडेपाचपर्यंत लांबलं आणि सातवीतल्या कविताची एसटी चुकली. "भाऊ येते घ्याले," ती म्हणाली. मी मान डोलावली अन् घरी आले. चहा ठेवताना आठवलं, तिला भाऊ नाहीच! दोन धाकट्या बहिणी फक्त. भाऊ येते म्हणाली आणि मी ऐकून घेतलं? कसं काय?

तशीच स्कूटी काढली. तिच्या तांड्याच्या रस्त्याला दोन्हीकडे डोक्याहून उंच तूर, अंधारून आलेलं, आणि ती एकटीच दप्तर पोटाशी धरून झपाझप चाललेली.

"खोटं काहून बोलली?"

"खरं सांगतलं असतं तर तुम्ही मंडळ बंद केलं असतं, मॅडम."

घरी पोचवलं. तिची आई म्हणाली, "शिकवा तिले, पण येळेवर सोडत जा."

मुख्याध्यापकांना सांगितलं तर मंडळ खरंच बंद होईल. नाही सांगितलं आणि उद्या दुसरी कुणी अशीच...? मधल्या सुट्टीत घेऊ द्या म्हणून भांडेन. पण सांगणार. सकाळी, हजेरीच्या आधीच.