कारणाचा रकाना

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, हे यावरून कळावं). तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचा गुडघा चढताना कुरकुरत असला तरी उतरताना गप्प बसत असेल, आणि तुझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात वह्यांचे गठ्ठे पुन्हा छताला टेकले असतील, असं धरून चालतो. इकडचं सगळं ठीक आहे असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून तेही लिहितो. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "सगळे बरे आहात ना, मग झालं" म्हणून ठेवून देतेस, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात उरकण्यासारखं नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि चष्मा लाव.

तुला ठाऊकच आहे, मी एकोणीस वर्षं भूगोल शिकवतो आणि सतरा वर्षं शाळेच्या शिस्त समितीचा प्रमुख आहे. (भूगोलातलं मला कधी कुणी काही विचारलं नाही.) कुणी काच फोडली, कुणी तास बुडवला, कुणी बाईंच्या पर्समध्ये बेडूक सोडला, की शिस्त नोंदवहीत त्याच्या नावाचं एक पान भरायचं. नाव, इयत्ता, गुन्हा, विद्यार्थ्याचे म्हणणे (हे ज्याचं त्याने लिहायचं), कारण, शिक्षा. यात कारणाचा रकाना सगळ्यात छळवादी. गुन्हा समोर दिसत असतो, शिक्षा ठरलेली असते, पण कारण काढायचं म्हणजे मुलाशी बोलायला हवं, आणि मधली सुट्टी असते पंधरा मिनिटांची. पहिल्या वर्षी मी बोलून पाहिलं. काच फोडणाऱ्या एका मुलाने सुरुवात आपल्या जन्मापासून केली आणि तीन सुट्ट्या घेतल्या. माझा चहा तिन्ही दिवस गार झाला. मग मी एक रबरी शिक्का करून आणला, "घरचे वातावरण" असा. ठप्पा मारला की काम फत्ते.

हे शब्द मला कुठून सुचले ते तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, शेऱ्याच्या जागी, टाकाने लिहिलेले होते. नववीतल्या मुलीने मुख्याध्यापकांना नकाशांच्या खोलीत बाहेरून कडी घालून अडीच तास कोंडलं, याचं दुसरं कारण त्या काळी कुणाला सुचलं नाही. बाबांनीही मग, पुरे झालं शिक्षण, म्हणून तुला घरी बसवलं. घराण्यातली एकमेव गुन्हेगार म्हणून मी तुझी थट्टा करत आलो, अगदी तुझ्या लग्नातही (भाऊजींना सांगितलं होतं, घरातल्या बाहेरच्या कड्या काढून टाका), आणि तू दर वेळी हसलीस.

तर या शिक्क्याच्या जोरावर मी मोठा जाणकार झालो. गेल्या वर्षी शिक्षकांच्या संमेलनात मला निबंध वाचायला बोलावलं. विषय होता माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या गैरवर्तनाची कारणे. मी दोनशे चौदा प्रकरणांचा अभ्यास केला, म्हणजे पानं उलटली, आणि सिद्ध करून दाखवलं की दोनशे अकरा प्रकरणांत कारण एकच, घरचे वातावरण. उरलेल्या तीन वेळी शिक्क्याची शाई वाळली होती. ते मी बोललो नाही, त्यांना "संकीर्ण" म्हटलं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी उठून विचारलं, की शाळेतलं एकही कारण सापडलं नाही का. मी म्हटलं, आकडे तसं सांगत नाहीत. टाळ्या पडल्या, ताई. त्या आठवल्या की आता कानाच्या पाळ्या गरम होतात.

गेल्या महिन्याच्या सुरुवातीला शिक्का नाहीसा झाला. आधी वाटलं शिपायाने कुठे ठेवला असेल. मग तो उमटायला लागला. मुख्याध्यापिकाबाई उशिरा आल्या त्या दिवशी हजेरीपत्रकात त्यांच्या सहीखाली, "घरचे वातावरण". विज्ञानाच्या सरांच्या पोटदुखीच्या रजेच्या अर्जावर, "घरचे वातावरण". दोन वर्षं गळणाऱ्या नळावर, तीन पायांच्या बाकावर, "शांतता राखा" या पाटीखाली. ज्याच्यावर उमटला नव्हता तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी हसायचा थांबायचा. मी चौकशी उघडली. सहाशे मुलांची बोटं तपासली. (जांभळी बोटं चौऱ्याण्णव निघाली. हल्ली पेनं फार गळतात.) शेवटी एका बुधवारी मी सहा तास शिकवून घरी आलो. वर्ग त्या दिवशी विलक्षण लक्ष देऊन बसले होते, विशेषतः मी फळ्याकडे तोंड केलं की. तुझ्या भावजयीने माझा शर्ट काढून घेतला, पाठ माझ्यासमोर धरली आणि शांतपणे विचारलं, "हा सकाळी घरातच इस्त्री झाला होता ना?"

तुझी भाची टेबलाशी अभ्यास करत होती. बोटं जांभळी. म्हटलं, तू? म्हणाली, "हो." एवढंच. त्या बुधवारपासून सहा दिवस झाले, ती घरात एक शब्द बोललेली नाही. मीठ हवं असेल तर उठून स्वतः घेते. चौदा वर्षांची मुलगी एवढी गप्प बसू शकते हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगू, माहीत असायला हवं होतं. चौदा वर्षांची अशीच एक मुलगी मी पूर्वी पाहिली आहे.

पुढचा तमाशा ऐक. चौकशी मीच उघडलेली, तेव्हा लेकीच्या नावाचं पानही मलाच भरावं लागलं. शाळेच्या दस्तऐवजाशी छेडछाड, कलम चार, शिक्षा शाळेतून काढणे. कलम कुणाचं, तर माझं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, सर. मग समितीप्रमुख या नात्याने मी पालकाला नोटीस लिहिली, पालक या नात्याने ती घेतली, आणि पोचवहीत दोन्हीकडे सह्या केल्या. सुनावणी बारा तारखेला आहे. तिला काढलं तर दाखल्यावर कारण लिहून मिळेल, आणि तसा दाखला घेऊन गेलेल्या मुलीला दुसरी शाळा कशी घेते हे आपल्या घरात कुणाला समजावून द्यायला नको. समितीवर असणाऱ्याने पालक म्हणून बसायचं नाही, हाही माझाच नियम. म्हणजे तुझ्या भावजयीने यायला हवं. ती म्हणाली, मी त्या खुर्चीवर बसणार नाही, घरचं वातावरण म्हणजे तुम्ही, तुम्हीच बसा. (ती खुर्चीही माझीच निवड. इतरांपेक्षा वीतभर बुटकी आहे आणि डावीकडे डगमगते, त्यामुळे पालक फार वेळ वाद घालत नाहीत.)

आता लिहायला लाज वाटते ते लिहितो. शनिवारी शाळा सुटल्यावर मी कार्यालयात थांबलो, कपाट उघडलं आणि नोंदवहीतून लेकीचं पान काढून टाकायला बसलो. पान नाही तर प्रकरण नाही. पण वही तुझ्या कारखान्यातली. ओढलं, निघेना. पट्टीने दाबून ओढलं, निघेना. तुझ्या शिलाईला मी त्या दिवशी मनातल्या मनात जे बोललो त्याबद्दल क्षमा कर. शेवटी पेन्सिल तासायच्या पात्याने दोरा कापला. पान हातात आलं, आणि आठ पानं आधीचं एक पान आपोआप सुटून माझ्या पायावर पडलं. तू मला एकदा समजावलं होतंस, की शिवलेल्या वहीत एकटं पान नसतंच, कागद मधे दुमडून शिवतात, त्यामुळे प्रत्येकाचा दुसरा अर्धा कुठेतरी असतो. मी तेव्हा मान डोलावून क्रिकेट बघत होतो.

पडलेलं पान लेकीच्या वर्गातल्याच एका मुलीचं होतं, तिची बाकावरची जोडीदारीण. गुन्हा, मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी मारून घरी जाणे, तीन वेळा. कारण, माझा ठप्पा, अगदी सरळ रेषेत. शिक्षा, पालकांना अखेरची ताकीद. आणि विद्यार्थ्याचे म्हणणे या रकान्यात, जो मी सतरा वर्षांत एकदाही वाचलेला नव्हता, बारीक अक्षरात लिहिलं होतं: "मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही. मैत्रीण बाहेरून दार धरते. ती तापाने आजारी होती, म्हणून मी घरी गेले."

मैत्रीण म्हणजे आमची. दोन महिन्यांपूर्वी ती चार दिवस तापात होती. आणि मला आठवलं, ताई, की त्याच्या कितीतरी आधी जेवताना ती मला म्हणाली होती, बाबा, आमच्या तिथल्या दाराला कडी लावून घ्या ना. मी म्हटलं होतं, लेखी अर्ज सूचनापेटीत टाक. (पेटीची किल्ली तीन वर्षं हरवलेली आहे.) मी उठून तिकडे गेलो. शाळेत कुणी नव्हतं, तरी खाकरून आत गेलो. दारावर, कडी असायला हवी तिथे, पहिला शिक्का होता. शाईवर धूळ बसली होती, म्हणजे सगळ्यात आधी तिथेच मारला होता. बाकी सगळीकडे आम्ही आरडाओरडा केला, इथला कुणाला दिसलाच नाही. मला फार वाईट वाटलं. तिथेच पायरीवर बसलो होतो बराच वेळ.

ती मुलगी ताकीद मिळाल्यापासून शाळेतच आलेली नाही. रविवारी मी तिच्या घरी गेलो. तिची आई दवाखान्यात पट्ट्या बांधायचं काम करते. तिने पाणी दिलं, चांगली न डगमगणारी खुर्ची दिली. मी घसा साफ करून काहीतरी गैरसमजाचं बोलायला लागलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आमच्या घरचं वातावरण चांगलं आहे. आमच्या घरात कडी आहे." मग म्हणाली, तो शिक्का खोडा, खरं कारण तिथे लिहा, सही करा, मग पोरीला पाठवते. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

काल सोमवारी मी स्वतः कडी बसवली. दोन तास लागले, एक अंगठा गेला, आणि ती थोडी तिरकी बसली आहे, पण लागते. सुतार मागवण्याचा अर्ज मंजुरीसाठी तीन वर्षं ज्या फायलीत पडला होता, ती फाइल माझ्याच टेबलावर निघाली, चहाच्या कपाखाली.

तर असं आहे. दोनशे अकरा पानं आहेत, यंदाची वेगळी, आणि विद्यार्थ्याचे म्हणणे आता मी रोज रात्री दहा-दहा वाचतो. बेडूकवाल्याचंही कारण होतं. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला तेल लावायला सांग, आणि फार दगदग करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहूनच गेलं. बारा तारखेला तू पालक म्हणून येशील का? घरातलं मोठं माणूस चालतं, असा नियम आहे (माझाच). शाळेच्या कार्यालयाची पायरी तू नववीनंतर चढली नाहीस, पोरीच्या शाळेच्या नाटकालाही फाटकातच थांबलीस, हे मला ठाऊक आहे, म्हणून विचारताना हात कचरतो. पण मला त्या दिवशी सगळ्यांसमोर खरं कारण लिहायचं आहे, दोन्ही पानांवर, आणि कापलेल्या दोऱ्याचंही कबूल करायचं आहे. मी कसा आहे ते तू जाणतेस. बाई एकदा रोखून बघतील आणि मी "संकीर्ण" लिहून मोकळा होईन. तू समोर बसलेली असलीस तर मला ते जमणार नाही.

आणखी ता. क. यायचं की नाही ते हे वाचून ठरव. नकाशांच्या खोलीची कडी मी घातली होती. माझा नकाशा काढून झाला नव्हता आणि पुढचा तास मुख्याध्यापकांचा होता. त्यांचा आवाज ऐकून तू धावत आलीस, कडी काढलीस, आणि कडीवर हात असलेली तूच सापडलीस. मी जिन्याच्या वळणावर उभा होतो. तू मला पाहिलं होतंस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. एकदा तरी बोलायचं होतंस गं. तू बोलली नाहीस म्हणून मी शिकलो, मास्तर झालो, आणि तुझ्याच दाखल्यावरच्या शब्दांचा शिक्का बनवला. मला माफ कर असं लिहायचं तीनदा खोडलं. हे चौथ्यांदा.

शेवटचं ता. क. मी पाकीट आणायला आत गेलो होतो. परत आलो तर ही खालची भर पडलेली. शिक्का तिचा आहे, त्यावरची काटही तिनेच मारली आहे आणि अक्षरही तिचंच. सहा दिवसांत तिच्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही माझ्याशी नाही. पत्र तसंच पाठवतो.

~~घरचे वातावरण~~
आत्या, तू ये. ती खुर्ची डगमगते, पण मी धरते.