पाच म्हणजे पास

बाबा,

आज बटाटे सोलताना तुमची आठवण आली. नुसती आली, डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. आई गेल्यावर डार्मश्टाटच्या त्या दोन खोल्यांत आपण दोघंच होतो. तुमचं इन्स्टिट्यूट, माझी जर्मन शाळा, आणि शाळेतून आल्यावर तुम्ही करून घ्यायचात तो इंग्रजांच्या शालान्त परीक्षेचा अभ्यास. पास झाले की मामाकडे लंडनला शिकायला जायचं, हे तुमचं ठरलेलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

निकाल आला. गणित पाच, इंग्रजी पाच, बाकी सगळे सहा. माझ्या शाळेत एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास, आणि इतक्या वर्षांत तुमच्याही डोक्यात तेच बसलेलं. "पालथ्या घड्यावर पाणी," एवढंच म्हणालात. मी मान खाली घालून उभी आहे, तुम्ही कोट काढायलाही विसरला आहात. मला काहीच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही लवकर घरी आलात आणि बाह्या सरसावून बटाटे सोलायला बसलात. सालाबरोबर अर्धा बटाटा जात होता.

"आल्झो, तर मग असू दे. लंडन राहिलं. इथेच राहा, मलाही सोबत होईल."

"चालेल तुम्हाला?"

"न चालायला काय झालं? भाजी तू कर, भात मी लावतो."

तुमचा भात खाली लागला. आपण तो खरवडून खाल्ला. चारसहा दिवस असेच गेले. संध्याकाळी तुम्ही गप्पा मारायचात, आईबद्दलसुद्धा.

मग इन्स्टिट्यूटमधल्या एका इंग्रजाला तुम्ही निकाल दाखवलात. त्यांच्याकडे सहापर्यंत पासच. तुम्ही केक घेऊन आलात. "दोघं शहाणे, आणि एक कागद वाचता येईना," म्हणत स्वतःच हसलात. महिन्याभरात मी मामाकडे होते. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गेल्याची तार तिथेच आली. मी शिकले, नोकरी केली, सगळं यथासांग झालं.

हे पत्र घडी करून बटाट्यांच्या टोपलीखाली ठेवते आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार. तो केक छान आहे असं मी तेव्हा म्हणाले होते. मला चव लागलीच नव्हती. मला नापासच राहायचं होतं, बाबा.