पगारवाढीतून निघालेली दुपार

ग्लेन,

गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. किटलीत एका कपापुरतंच पाणी ठेवलंय, उगाच त्या अधू डाव्या हाताने उचलायचा हट्ट करू नकोस. वाटाण्याचं सूप शेगडीवर आहे.

काल बेकरीत पिकरिंगबाईंनी माझा पगार वाढवला आणि मला रडूच आलं. त्यांना वाटलं, आनंदाने! त्यांना काय ठाऊक, सरकारने ठरवलेल्या कमाईच्या मर्यादेच्या वर एक पौंड कमावला तरी तुझी देखभाल करण्याचा माझा सरकारी भत्ता अख्खा बंद होतो. भीक नको पण कुत्रा आवर! शेवटी सगळं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तास कमी कर की, बये!" म्हणजे आता हातात पैसे तेवढेच आणि शुक्रवारची दुपार मोकळी.

"माझ्यापायी तू अडकलीस," असं रात्री म्हणालास ना? पुन्हा म्हणालास तर ते सूप डोक्यावर ओतीन.

उद्या शुक्रवार. जाड कोट घालून तयार राहा. धक्क्यावर बसून चिप्स खाऊ. आणि ही दुपार देखभालीच्या तासांत मुळीच धरायची नाही. ती मी नवऱ्याबरोबर फिरायला घेतलीय.

जॅकी